गुंडूच्या दोन्ही बाजूंचा बांध

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मृत्युंजय पट्टणशेट्टी नावाचा माणूस आहे आणि त्याला चुकायची सवय नाही. सवय नसली की चूक जरा जास्तच अंगावर येते. तशी ती आली, पण ते पुढं. आधी माणूस कळू दे.

वय चौपन्न. पांढरा हाफशर्ट, खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. कपाळावर सकाळचे विभूतीचे पट्टे, ते दुपारपर्यंत टिकतात, कारण मृत्युंजयला घाम येण्याइतकं कशाचं काही वाटत नाही. घराणं मूळचं गडहिंग्लजच्याही खालच्या अंगाचं, त्यामुळं घरात आईशी कानडी, दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी आणि संगणकाशी पर्ल. पर्ल ही संगणकाची एक जुनी भाषा आहे. आता ती फारसं कुणी वापरत नाही. मृत्युंजय ती नव्व्याण्णव साली शिकला, एका जाड इंग्रजी पुस्तकावरून, दुकानात गिऱ्हाईक नसताना. त्या काळात गिऱ्हाईक बराच वेळ नसायचं, त्यामुळं शिक्षण चांगलं झालं.

दुकानाचं नाव आईच्या नावावरून, 'नीलम्मा टाईपसेटिंग'. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची पत्रकं, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल. संस्थेच्या सातशे सभासदांची नावं अकारविल्हे लावायची असली तर दुसरा माणूस दोन दिवस घेतो. मृत्युंजय पर्लमध्ये पाच ओळी लिहायचा आणि चहा निवायच्या आत कागद हातात ठेवायचा. वर ऐकवायचा, की तपासू नका, यंत्र खोटं बोलत नाही. लोक तपासायचे, आणि खरंच चूक नसायची. अशा माणसाशी मैत्री करणं अवघड असतं, आणि कुणी केलीही नव्हती.

त्याचा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे मजकुरातून नेमका शब्द शोधणं. हे दिसतं तितकं सोपं नाही. साध्या शोधाला 'राम' सांगितला तर तो रामही आणतो, आरामही आणतो आणि हरामखोरही आणून समोर उभा करतो. त्यावर पर्लमध्ये उपाय आहे. शब्दाच्या आधी आणि नंतर एक छोटी खूण टाकायची, की इथं शब्दाची हद्द संपली पाहिजे. इंग्रजी पुस्तकात तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं. मृत्युंजय तिला बांध म्हणायचा. शेताला बांध असतो तसा शब्दाला बांध. दोन्ही बाजूंनी बांध घातला की आपला राम तेवढा आपला. हे तो दुकानात येईल त्याला समजावून सांगायचा, आणि माणसं 'व्हय व्हय' म्हणत पत्रिकेचे नमुने बघायची.

तर शिवाजी पेठेतल्या एका तालमीला गेल्या वर्षी शंभर वर्षं झाली. तालमीचं नाव इथं घेत नाही. घेतलं तर बाकीच्या तालमींना राग येईल. न घेतल्यामुळं ह्या तालमीला येईलच, पण एकच राग परवडतो. कोल्हापुरात तालमीला आखाडा नसला तरी चालतो, फुटबॉलचा संघ मात्र लागतो. तर शंभर वर्षांनिमित्त असं ठरलं, की तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलेल्या सगळ्यांची नावं काळ्या ग्रॅनाईटवर कोरायची आणि तो दगड तालमीच्या दारात बसवायचा. हे ठरलं मात्र, आणि पेठेत ज्याच्या त्याच्या घरातनं एक आजोबा निघाला. सगळे आजोबा सेंटर फॉरवर्ड, गोल मारणारे. बॅकला, म्हणजे मागं राहून गोल अडवायला, खेळलेला आजोबा अख्ख्या पेठेत औषधाला मिळेना.

तालमीचे अध्यक्ष बाळासो वैतागले. बाळासो म्हणजे साठीचा गडी, आवाज असा की कुजबुजले तरी गल्लीला कळतं. त्यांनी मृत्युंजयला सल्ला विचारला, आणि मृत्युंजयनं थंडपणानं नियम घालून दिला: तालमीत एकाहत्तर सालापर्यंतचे ग्रुप फोटो आहेत, तेवढे पुरावा धरायचे. त्यानंतर खुर्चीवर कोण बसायचं यावरून भांडणं झाल्यानं फोटो निघालेच नाहीत. तेव्हा तिथून पुढं पेपर. किमान दहा सामन्यांच्या बातमीत नाव पाहिजे. नसेल तर आजोबा घरी.

पेपर होते. गावातलं एक संध्याकाळचं दैनिक मागंच बंद पडलं होतं. त्याच्या खेळाच्या पानांचे पंचवीस वर्षांचे गठ्ठे तालमीच्या माळ्यावर पडून होते. ते पाच वर्षांपूर्वी मृत्युंजयच्याच दुकानात वर्षाराणी नावाच्या टायपिस्टनं अकरा महिने बसून संगणकावर टाईप केले होते. बाई वेगवान. अक्षरं मराठी मारायची, आकडे मात्र कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या पट्टीवर मारायची, त्यामुळं ते इंग्रजी पडायचे. मृत्युंजयनं ते चालवून घेतलं. आयुष्यात त्यानं चालवून घेतलेल्या तीन-चार गोष्टींपैकी ही एक.

त्यानं नावं शोधायला सुरुवात केली. जमदग्नी, सरनोबत, अतिग्रे अशी आडनावं शोधायला बांधाची गरज पडत नाही, ती सरळ सापडतात. आठवड्यात चौसष्ट नावं पक्की झाली आणि अकरा आजोबा परत पाठवण्यात आले. त्यात एका माजी नगरसेवकाचे आजोबाही होते. बाळासोंनी छाती पुढं काढून नगरसेवकाला मृत्युंजयच्या सहीची चिठ्ठी दाखवली. नगरसेवक चिठ्ठीपुढं गप्प झाला, ही बातमी पेठेत दोन दिवस पुरली. खूश होऊन बाळासोंनी जाहीर केलं की दगडाच्या तळाला एक स्वतंत्र ओळ कोरायची: 'नोंदी शोधून यादी सिद्ध करणारे – मृत्युंजय पट्टणशेट्टी'.

मृत्युंजय 'कशाला उगीच' म्हणाला. पण घरी जाऊन पहिल्यांदा आईला सांगितलं. नीलम्मा ब्याऐंशीची. पोरानं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं छापली, त्याचं स्वतःचं कुठं छापलेलं तिनं पाहिलं नव्हतं. उद्घाटनाला रिक्षातून यायचं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि नेसायचं इरकल लुगडं काढून उन्हात घातलं.

यादी शुक्रवारी सकाळी कोरणाऱ्याकडं जायची होती. गुरुवारी दुपारी दुकानाच्या पायरीवर एक बाई आली. सत्तरी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी. चपला बाहेर काढल्या आणि संगणक बघून हात जोडले. बाळासोंनी पाठवलंय म्हणाली. नाव शालूबाई मेथे. नवरा गुंडू, सहा वर्षांपूर्वी गेला. उद्यमनगरात फाउंड्रीला मोल्डिंगचं काम केलं आणि चौदा वर्षं तालमीकडून फुटबॉल खेळला. चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याऐंशी. पेपरात आडनाव येत नव्हतं, नुसतं गुंडू यायचं, कारण मैदानावर सगळे तेवढंच म्हणायचे.

मृत्युंजयनं विचारलं, कुठल्या जागेला खेळायचे?

"ते काय मला ठावं न्हाय. बॅक म्हणायचे."

बॅक म्हटल्यावर मृत्युंजयनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. खोटं सांगायला आलेलं माणूस नवऱ्याला बॅकला खेळवत नाही.

त्यानं 'गुंडू' टाकला आणि साधा शोध लावला. तीन हजारांच्या वर ओळी आल्या. कारण त्या पंचवीस वर्षांतल्या निम्म्या सामन्यांना पंच म्हणून गुंडूराव नावाचे एक मास्तर होते, आणि पेपरवाला प्रत्येक बातमीच्या शेवटी त्यांचं नाव इमानेइतबारे छापत होता. इथं बांधच पाहिजे. मृत्युंजय खुर्चीत सरसावून बसला. बांध घालायची संधी त्याला ह्या कामात पहिल्यांदाच मिळत होती. दिवाळीत जुना संगणक बसला होता, त्यात त्याचा जुना प्रोग्रॅमही गेला होता. नवीन संगणकावर त्यानं तो आठवणीनं पुन्हा लिहून काढला होता. त्यात गुंडूच्या दोन्ही बाजूंना बांध घातला आणि बटण दाबलं.

उत्तर आलं, एक.

पंचवीस वर्षांत एक. शालूबाई पडद्याकडं बघत होती. तिला तिथलं काही कळत नव्हतं, पण मृत्युंजयचं तोंड कळत होतं. त्यानं जरा विचार केला आणि कारणही काढलं. हुशार माणसाला कारण पटकन सापडतं, हा त्याचा शापच असतो. तिला त्यानं समजावलं, की पेपरात गोल करणाऱ्याचं नाव येतं, बॅकवाल्याचं कोण छापतो? आणि नियम तर दहाचा आहे.

बाई म्हणाली, "चौदा वर्सं दर आयतवारी त्यांची चड्डी मी धुतलीया. त्यावरची माती काय मी लावलीती व्हय?"

माती लेखी पुराव्यात बसत नाही, असं मृत्युंजय म्हणाला. म्हणाला म्हणजे खरोखरच म्हणाला. ह्या वाक्याची त्याला पुढं बरेच दिवस आठवण राहिली. त्यानं चिठ्ठी लिहिली: 'गुंडू मेथे. आढळलेले सामने – १. अपात्र.' खाली सही. आणि वर ऐकवलंच, की मावशी, यंत्र खोटं बोलत नाही.

शालूबाईनं चिठ्ठी घडी करून पिशवीत टाकली. उठता उठता तिनं विचारलं, की तो जो एक सामना सापडला, त्याचा कागद मिळेल का? ती कधी मैदानावर गेली नव्हती. त्या काळात बायका जात नसत. नवऱ्याला खेळताना तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. एक तरी सामना घरात असू दे, देव्हाऱ्यापाशी ठेवते, म्हणाली. मृत्युंजयनं शनिवारी देतो म्हणून सांगितलं.

शुक्रवारी यादी गेली. शनिवारी दुपारी मृत्युंजय तो कागद करायला बसला. बातमी उघडली. संघाची नावं होती, आणि बघतो तर वर्षाराणीनं त्या दिवशी बहुतेक घाईत असल्यामुळं सगळी ओळ विनाजागा मारलेली: '2आनंदा3गुंडू4शिवा5बंडोपंत'. जर्सीचा आकडा, नाव, आकडा, नाव, सगळं एकमेकांच्या अंगावर. देव्हाऱ्यापाशी ठेवायचा कागद असा गबाळा देणं मृत्युंजयच्या तत्त्वात बसेना. त्यानं प्रत्येक नावाच्या आजूबाजूला नीट जागा सोडली. आनंदा मोकळा झाला, गुंडू मोकळा झाला, शिवा मोकळा झाला.

आता मृत्युंजयची एक खोड आहे. फाईलला बोट लावलं की तो शोध पुन्हा चालवतो. काना जरी दुरुस्त केला तरी चालवतो. इतर लोक ह्याला वेडेपणा म्हणतात. त्यानं बटण दाबलं.

उत्तर आलं, शून्य.

त्यानं पुन्हा दाबलं. शून्य. डोळ्यासमोर पडद्यावर गुंडू उभा होता, दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा, कुणाचा धक्का नाही, आणि यंत्र म्हणत होतं की ह्या नावाचा माणूसच नाही. चिकटलेला होता तेव्हा सापडला, मोकळा केला तर गेला. मृत्युंजयनं सोडलेली जागा काढून टाकली. एक. परत जागा सोडली. शून्य. असं त्यानं चार वेळा केलं, आणि चौथ्या वेळी त्याच्या कपाळावरच्या विभूतीखाली घाम फुटला.

झालं होतं ते असं. प्रोग्रॅमच्या अगदी डोक्याला दोन ओळी लागतात. पुढचा मजकूर देवनागरी आहे, ही अक्षरं आहेत, त्यांना अक्षरं म्हणून वाच, एवढंच त्या सांगतात. दिवाळीत आठवणीनं लिहिताना ह्या दोन ओळी राहिल्या. त्याशिवाय पर्लला आपलं एकही अक्षर अक्षर वाटत नाही. तिच्या लेखी सगळं मराठी म्हणजे पडीक रान. इंग्रजी अक्षर आणि इंग्रजी आकडा तेवढं पीक. आणि बांध ती कुठं मानते? जिथं पीक संपून पडीक लागतं तिथं. पडीक आणि पडीक यांच्यामध्ये कोण बांध घालतो? म्हणून नीट जागा सोडून छापलेला प्रत्येक गुंडू तिला दिसलाच नाही. फक्त जिथं वर्षाराणीच्या घाईनं दोन इंग्रजी आकड्यांमध्ये तो चेंगरला होता, तिथं दोन्ही अंगांनी पीक लागलं आणि बांध दिसला. जो सापडायला नको होता तेवढाच सापडला होता. आणि बाकीची नावं बांधाशिवाय शोधलेली, त्यामुळं त्यांच्यात ही चूक कधी उघडी पडलीच नाही.

मृत्युंजयनं त्या दोन ओळी घातल्या. बटण दाबलं. उत्तर आलं, एकशे एकेचाळीस ओळी.

ह्यावेळी त्यानं यंत्रावर विश्वास ठेवला नाही. एकेक ओळ उघडून डोळ्यांनी वाचली, निळ्या पेनानं कागदावर तारखा मांडल्या. जुना वार्ताहर भारदस्त लिहायचा, नावाला प्रत्यय न चिकटवता 'गुंडू याने चेंडू परतवला', 'गुंडू याच्या दक्षतेमुळे गोल वाचला' असा. म्हणून नाव प्रत्येक ठिकाणी स्वच्छ सुटं राहिलं होतं. पंच गुंडूराव एकदाही मध्ये आले नाहीत. सामने भरले अठ्ठ्याण्णव. नियम दहाचा. परत पाठवलेले अकरा आजोबाही त्यानं बसल्या बैठकीला पुन्हा तपासले. ते मात्र खरेच कधी खेळले नव्हते.

त्याला लाज वाटली. लाज म्हणजे काय हे त्याला ऐकून माहीत होतं, पण ती कशी असते हे त्या दुपारी कळलं. माती लेखी पुराव्यात बसत नाही! आयुष्यभर नाकानं कांदे सोलले, आणि एका म्हाताऱ्या बाईच्या नवऱ्याला सहीनिशी पुसून टाकलं.

तो तडक बाळासोंकडं गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बांध, पडीक रान, दोन ओळी. बाळासोंनी त्यातलं काही समजून घेतलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की नगरसेवकाच्या तोंडावर मारलेल्या चिठ्ठीखाली ज्याची सही आहे, तो माणूस चुकलो म्हणतोय. ते कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले.

"शेट्टी, तू चुकलास म्हणून बोंबलत सुटायचं न्हाय. माळ्यावर नवा गठ्ठा घावला म्हणू. बाईचं काम हुईल, तुजं नाव ऱ्हाईल. गुंडू मला आठवतोय की, मी बारका होतो तवा बघितलाय त्येला."

हे बोलणं मृत्युंजयला गोड लागलं, ते लपवण्यात अर्थ नाही. दोघं मोटारसायकलवर बसून कोरणाऱ्याच्या शेडकडं निघाले, आणि रस्ताभर तो नवा गठ्ठा खरंच सापडल्यासारखा मृत्युंजयच्या डोळ्यासमोर होता. त्याच्यावर धूळसुद्धा दिसत होती.

पण वरातीमागून घोडं. शेडमध्ये दगड जवळजवळ झालेला. सोळा-सोळा नावांच्या चार रांगा, चौसष्ट नावं, काठापर्यंत भरलेली. एका दिवसात कोल्हापुरात कुठलंच काम होत नाही, पण नेमकं हे झालं होतं. फक्त तळाची एक ओळ राहिली होती. तिथं खडूनं आखून, अजून छिन्नी न लागलेलं, मृत्युंजय पट्टणशेट्टी असं लिहिलेलं होतं. अक्षर चांगलं होतं. मृत्युंजयनं ते दोनदा वाचलं.

कोरणारा म्हणाला, आनंदा आणि शिवा यांच्यामधल्या फटीत बारीक अक्षरात एक नाव बसवता येईल. चिकटेल थोडं, पण बसेल. बाळासो लगेच म्हणाले, बसव की, कोण बघतंय.

"चिकटवायचं नाही," मृत्युंजय म्हणाला.

त्यानं खिशातनं रुमाल काढला, शेडमधल्या पिंपात बुडवून पिळला आणि तळाची खडूची ओळ पुसून टाकली. आधी पट्टणशेट्टी गेलं, मग मृत्युंजय. ओल्या दगडावर त्यानं स्वतः खडूनं लिहिलं, 'गुंडू मेथे', आणि दोन्ही बाजूंना बोटानं अंतर मोजून सारखी जागा सोडली. गठ्ठाबिठ्ठा काही घावलेला नाही, तो बाळासोंना म्हणाला. नगरसेवकानं विचारलं तर माझी चूक झाली म्हणून सांगा, आणि त्याचा आजोबा तरीही खेळलेला नाही, तेही सांगा.

रविवारी सकाळी तो शिवाजी पेठेत शालूबाईच्या घरी गेला. दोन खोल्यांचं घर, दारात वाळत घातलेल्या शेवया. तिला वाटलं कागद द्यायला आला. तिनं पाट दिला. तो पाटावर न बसताच म्हणाला, "मावशी, चूक माझी झाली. यंत्राची नाही, माझी. सामने एक नव्हे, अठ्ठ्याण्णव सापडले. दगडावर नाव येणार."

शालूबाईचे डोळे भरले, पण आवाज काही हलला नाही. म्हणाली, धुणी मोजून ठेवली नव्हती, नाहीतर गुरुवारीच सांगितलं असतं. आणि चहा टाकायला आत गेली. ती त्याला एक शब्द टाकून बोलली असती तर मृत्युंजयला बरं वाटलं असतं. ती सोय तिनं ठेवली नाही. उलट चहात साखर जास्त घातली.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, की अठ्ठ्याण्णव सामने म्हणजे काय काय लिहिलंय त्यात? मृत्युंजयनं पिशवीतनं कागदांचा गठ्ठा काढला. प्रुफं वाचायची त्याची जुनी पद्धत होती, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. तसं तो वाचू लागला. चौऱ्याहत्तर साल, पहिला सामना, संघ असा. त्यात एकसष्ट ठिकाणी गुंडूचं नुसतं नावच होतं, संघाच्या यादीत. तीही तो सगळी वाचत गेला. कारण मध्ये एकदा त्यानं नुसत्या यादीचं पान उलटलं, तर बाई म्हणाली, त्यात न्हाईत व्हय ते? आहेत म्हणाला. मग वाचा की, म्हणाली.

नवऱ्याचा एकही गोल त्यात नव्हता. चेंडू बाहेर फेकला, गोल वाचवला, सामना बरोबरीत सुटला. एकदा गळ्याखालचं हाड मोडून बाहेर गेला. ते ऐकताना शालूबाई म्हणाली, ह्यो आयतवार मला ठावा हाय. दोन वाजले. शेवया वाळून कडक झाल्या, कुणी उचलल्या नाहीत. अठ्ठ्याऐंशीचा शेवटचा सामना झाला तेव्हा मृत्युंजयचा घसा बसला होता. बॅकला खेळणं म्हणजे काय हे त्यालाही त्या दिवशीच कळलं. तोवर त्यानं आयुष्यात एकही सामना बघितला नव्हता, हे कोल्हापुरात कुणाला सांगायची सोय नाही.

पुढच्या आठवड्यात दगड तालमीच्या दारात बसला. हलगी वाजली, भाषणं झाली, बाळासोंना माईक नको होता तरी दिला. नगरसेवक आला होता, पण त्यानं आजोबाचा विषय काढला नाही. नीलम्मा इरकल लुगडं नेसून रिक्षातनं उतरली, काठी टेकत दगडापाशी गेली आणि तळाच्या ओळीवर डोळे बारीक करून बघत राहिली. मराठी ती सावकाश वाचते. मग तिनं लेकाला विचारलं, "निन्न हेसरु एल्ली?" तुझं नाव कुठंय?

"इल्ल, अव्वा," मृत्युंजय म्हणाला. नाही, आई. आणि तिला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं. म्हातारी घरी जाईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. ते त्यानं चालवून घेतलं.

शालूबाई सगळ्यांत शेवटी पुढं आली. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं आधी वरच्या चार रांगांवरनं बोट फिरवत खाली आली. एका नावाला एक नाव खेटलेलं, गर्दी. मग तळाला बोट थांबलं. गुंडू मेथे. इकडं मोकळा दगड, तिकडं मोकळा दगड.

मृत्युंजय शेजारी उभा होता. नाव बाकीच्यांत का घातलं नाही, असं ती विचारणार, म्हणून त्यानं उत्तरही तयार ठेवलं होतं. जागा उरली नव्हती, चूक माझी होती, वगैरे.

"यकटाच हुबा हाय की," शालूबाई म्हणाली. "बॅकला आसंच हुबं ऱ्हावं लागतंय, म्हणायचे."

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळून तिनं नावाच्या अक्षराअक्षरात बसलेली दगडाची भुकटी काढायला सुरुवात केली. मागं माणसं खोळंबली होती. मृत्युंजयनं ती भुकटी निघेपर्यंत त्यांना हातानं थांबवून धरलं.